विंडोजच्या पोटातलं लिनक्स

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला एक रस्ता पश्चिमेला भोरकडे वळतो, दुसरा पूर्वेला नारायणपूरमार्गे सासवडकडे. याच पट्ट्यात, धांगवडीला आणि नसरापूरजवळच्या नायगावला, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतली मुलंमुली तिथे संगणक अभियांत्रिकी शिकतात. त्यांची शेल स्क्रिप्टची, प्रोसेस आणि सेमाफोरची प्रात्यक्षिकं लिनक्सवर असतात. घरातला लॅपटॉप मात्र बहुधा एकच असतो आणि तो विंडोजसकट विकत आणलेला असतो. धाकट्या भावंडाचा अभ्यास, वडिलांचे अर्ज, घरचा हिशेब असं सगळं त्याच्यावर चालतं. तो पुसून लिनक्स घालायला घरातून परवानगी मिळत नाही आणि मिळू नये, असंच मला वाटतं.

मग विंडोज तसंच ठेवून त्यावर व्हीएमवेअर वर्कस्टेशन बसवायचं, त्यात एक व्हर्च्युअल मशीन तयार करायचं आणि त्या मशीनमध्ये उबुंटू चालवायचं. बाहेरची यंत्रणा होस्ट, आतली गेस्ट. गेस्टला जी हार्ड डिस्क दिसते ती होस्टवरची एक मोठी फाइल असते. गेस्टला जे नेटवर्क कार्ड दिसतं ते कुठल्याही कारखान्यात बनलेलं नसतं. होस्ट आणि गेस्टच्या मधोमध बसून हा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या प्रोग्रामला हायपरव्हायझर म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स या हायपरव्हायझरचा गाभा खुला आहे. व्हीएमवेअर आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही ही कंपन्यांची उत्पादनं आहेत आणि त्यांचा आतला कोड आपल्याला वाचता येत नाही. म्हणजे छत बंदिस्त आणि आत राहणारी यंत्रणा पूर्ण खुली. हे जमतं कसं आणि गेल्या पंचवीस वर्षांत ते जमवायला कुणी काय केलं, ही सॉफ्टवेअरच्या इतिहासातली मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. तिचा एक मोठा टप्पा कापूरहोळपासून चाळीसेक किलोमीटरवर, पुण्यात घडला.

व्हर्च्युअल मशीन ही कल्पना जुनी. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ती १९६७ सालीच चालू होती. एखादा प्रोसेसर अशा कामाला योग्य केव्हा म्हणायचा, याची अट १९७४मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी मांडली. थोडक्यात अट अशी : यंत्राची अवस्था उघड करणारी किंवा बदलणारी प्रत्येक सूचना, ती देणाऱ्याला अधिकार नसेल तर अडली पाहिजे, म्हणजे हायपरव्हायझरला मध्ये पडता येतं. आपल्या घराघरांत असलेला इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर या अटीत नापास होता. त्याची ‘पॉपएफ’ ही सूचना घ्या. तिच्यातून इंटरप्ट बंद-चालू करता येतात. पण अधिकार नसलेल्या प्रोग्रामनं तसं करायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर ओरडत नाही, तेवढा भाग गुपचूप सोडून देतो. गेस्टला वाटतं इंटरप्ट बंद झाले, हायपरव्हायझरला काही कळलेलंच नसतं. अशा सतरा सूचना पेंटियममध्ये असल्याचं २०००मधल्या एका अभ्यासात दाखवलेलं आहे.

स्टॅनफर्डचे मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८मध्ये व्हीएमवेअर कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी वर्कस्टेशन बाजारात आणलं. त्यांची युक्ती अशी की गेस्टच्या कर्नलच्या सूचना चालण्याआधीच वाचायच्या, त्यात धोक्याची दिसली की तिच्या जागी सुरक्षित सूचना घालायच्या आणि मग चालवायच्या. इंटेलनं २००५च्या अखेरीस आणि एएमडीनं २००६मध्ये प्रोसेसरातच सोय केली, तेव्हा हे भाषांतराचं ओझं कमी होत गेलं. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘एसव्हीएम’ नावाचा जो पर्याय चालू करावा लागतो, तो हाच.

प्रोसेसरचा प्रश्न असा सुटला. या सगळ्यात गेस्टचं सहकार्य लागत नव्हतं, तिला आपण कुठे आहोत हे कळण्याचीही गरज नव्हती. अडचण आली ती नेटवर्क आणि डिस्कमध्ये. हायपरव्हायझर सुरुवातीला एखाद्या खऱ्या, जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करत असे. व्हीएमवेअर एएमडीच्या पीसीनेट कार्डाची आणि पुढे इंटेलच्या ई१००० कार्डाची, हायपर-व्ही डेकच्या जुन्या कार्डाची. फायदा हा की लिनक्समध्ये या कार्डांचे ड्रायव्हर आधीपासून होते. सीडी लावली की नेटवर्क चालू. तोटा वेगाचा. खऱ्या कार्डाच्या रजिस्टरमध्ये एक आकडा लिहिणं ही क्षणाची गोष्ट. नकली कार्डाच्या बाबतीत मात्र तशा प्रत्येक लिखाणाला गेस्ट थांबते, ताबा हायपरव्हायझरकडे जातो, तो कार्डाचं सोंग वठवतो आणि पुन्हा गेस्टला जागं करतो. अशा दर सेकंदाला हजारो फेऱ्या झाल्या की प्रोसेसर खऱ्या कामापेक्षा सोंगातच गुंततो.

यावरचा उपाय म्हणजे सोंग सोडून देणं. गेस्टला सरळ सांगायचं की तू हायपरव्हायझरवर आहेस, तेव्हा जुन्या कार्डाशी बोलल्यासारखं करू नकोस, दोघांच्या सामाईक मेमरीत निरोप ठेव आणि बरेच निरोप साठले की एकदाच हाक मार. व्हीएमवेअरचं व्हीएमएक्सनेट३ हे नेटवर्क कार्ड आणि पीव्हीस्कझी हा डिस्क कंट्रोलर अशा जातीचे आहेत. जगात कुठल्याही दुकानात ते मिळणार नाहीत, कारण ते फक्त या कराराच्या रूपात अस्तित्वात आहेत. पण करार दोघांना माहीत हवा. गेस्टच्या बाजूचा ड्रायव्हर कुणीतरी लिहायला हवा. विंडोज गेस्ट असेल तर कंपनी ड्रायव्हर लिहून सहीशिक्का मारून देते. लिनक्सच्या बाबतीत हे इतकं सोपं नव्हतं.

लिनक्स कर्नलचे आतले सांधे दर आवृत्तीला बदलू शकतात. ते स्थिर ठेवण्याचं वचन कर्नलचे कर्ते जाणूनबुजून देत नाहीत. त्यामुळे कर्नलबाहेर ठेवलेला ड्रायव्हर आज चालतो आणि पुढच्या अपडेटला मोडतो. गेस्टमध्ये बसवायच्या व्हीएमवेअर टूल्स या संचाच्या जुन्या काळात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना याचा चांगलाच अनुभव होता. रात्री कर्नल अपडेट केलं, मशीन परत सुरू झालं आणि नेटवर्कच गायब. मग कन्सोलवर बसून टूल्सची स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, मॉड्यूल नव्यानं कंपाइल करायचं.

याच कर्नलचा दुसरा नियम मात्र असा आहे की जो सांधा बदलेल, त्यानं तो सांधा वापरणारा कर्नलमधला सगळा कोड आपल्या हातानं दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल तर त्याची काळजी जगभरचे लोक घेतात आणि बाहेर असेल तर तुम्ही एकटे. सक्ती कुणावरच नाही, पण गणित इतकं स्पष्ट आहे की बंदिस्त उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांनाही आपला गेस्टकडचा कोड खुला करावा लागला. व्हीएमवेअरनं २००७मध्ये टूल्सचा बराचसा कोड ‘ओपन-व्हीएम-टूल्स’ या नावानं खुला केला. २००९-१०च्या सुमारास व्हीएमएक्सनेट३, पीव्हीस्कझी आणि मेमरीचा बलून ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले. आज डेबियन, उबुंटू, फेडोरा यांपैकी काहीही घ्या, हे ड्रायव्हर त्यात असतातच आणि टूल्सही त्यांच्याच भांडारातून येतात. कर्नल अपडेट झालं म्हणून नेटवर्क जाण्याचा प्रकार संपला.

मायक्रोसॉफ्टची वाट याहून लांबची. २००१मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. हायपर-व्ही २००८मध्ये आलं आणि जुलै २००९मध्ये याच कंपनीनं लिनक्स कर्नलसाठी सुमारे २०,००० ओळींचा ड्रायव्हर कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली दिला. स्टीफन हेमिंगर या कर्नल अभियंत्याच्या सांगण्याप्रमाणे, हायपर-व्हीच्या आधीच्या ड्रायव्हरमध्ये जीपीएलचा कोड आणि बंदिस्त कोड, परवान्याला मंजूर नसताना, एकत्र जोडलेला त्यांना आढळला होता. ही गोष्ट कर्नलच्या कर्त्यांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्यामार्फत कंपनीपर्यंत पोचली. कोड देण्यामागे ते कारण नव्हतं, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं. कारण काहीही असो, पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो कोड सुरुवातीला कर्नलच्या ‘स्टेजिंग’ भागात, म्हणजे कच्च्या कोडच्या जागेत ठेवला गेला. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना इतर कुणाहीसारखेच बदल पाठवावे लागले, शेरे ऐकावे लागले, पुन्हा लिहावं लागलं. २०११च्या ३.० आवृत्तीत सर्वाधिक बदल पाठवणाऱ्या व्यक्तींच्या यादीत मायक्रोसॉफ्टचे के. वाय. श्रीनिवासन सर्वांत वर होते.

आता पुणे. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५मध्ये अझूर या क्लाउड सेवेची भारतातली तीन केंद्रं सुरू केली : पुणे, मुंबई, चेन्नई. अझूरच्या यादीत ‘सेंट्रल इंडिया’ असं दिसतं ते पुणे. अझूरचा पाया हायपर-व्हीच्याच घराण्यातला आहे. म्हणजे पुण्यात एखाद्यानं सेंट्रल इंडियात उबुंटूचं मशीन भाड्यानं घेतलं, की मायक्रोसॉफ्टच्या बंदिस्त हायपरव्हायझरवर एक खुली गेस्ट उभी राहते आणि ती ज्या ड्रायव्हरांनी डिस्क-नेटवर्कशी बोलते ते २००९च्या त्या कोडचे वारस असतात. हा प्रकार अपवादात्मक नाही. अझूरवर लिनक्सचा वापर विंडोजपेक्षा जास्त झाल्याचं मायक्रोसॉफ्टमधल्याच एका लिनक्स कर्नल अभियंत्यानं २०१९मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. महाराष्ट्र शासनानं जानेवारी २०१८मध्ये सरकारी खात्यांसाठी सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणलं, तेव्हापासून हा विषय फक्त आयटी कंपन्यांचा राहिलेला नाही.

पुण्याचा संबंध यंत्रांच्या जागेपुरताही नाही. व्हीएमवेअरचं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होतं. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केव्हीएम या खुल्या हायपरव्हायझरवर आणि त्याच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरांवर काम केलं आहे. भोरच्या एसटीत बसून ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक वाचणाऱ्या मुलीला हे आवर्जून सांगायला हवं. ज्या कोडवर तिचं प्रात्यक्षिक चालतं, त्यातला काही स्वारगेटपासून रिक्षानं जाता येईल अशा अंतरावर लिहिला गेला आहे आणि तो तिला उघडून वाचता येतो.

गेस्ट आणि होस्टमधला सर्वांत नाजूक मामला म्हणजे वेळ. भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांतून शेतांना पाळीपाळीनं मिळतं, तसाच गेस्टला प्रोसेसर पाळीनं मिळतो. पाळी नसते तेव्हा ती गोठलेली असते आणि आपण गोठलो होतो हे तिला कळत नाही. जुनं लिनक्स वेळ मोजायचं ते टायमरचे ठोके मोजून. २.४ कर्नलमध्ये सेकंदाला १०० ठोके, २.६च्या आरंभी १०००. एका होस्टवर दहा गेस्ट म्हणजे सेकंदाला दहा हजार ठोके पुरवायचे. पाळी चुकली की ठोके साठायचे, मग हायपरव्हायझर ते घाईघाईनं एकामागोमाग द्यायचा. तिकडे कर्नललाही ठोके हरवल्याची शंका येऊन ते आपल्या बाजूनं भरपाई करायचं. दोघांनी एकच तूट भरली की घड्याळ पुढे पळायचं. बँकेच्या नोंदी, लॉग, पासवर्डची तिकिटं सगळं घड्याळावर अवलंबून, त्यामुळे हा दोष किरकोळ नव्हता.

सुटका झाली ती पुन्हा सोंग सोडल्यामुळे. प्रोसेसरला ‘सीपीयूआयडी’ ही सूचना देऊन ठरावीक क्रमांक विचारला की हायपरव्हायझर बारा अक्षरांत आपली ओळख देतो. व्हीएमवेअर आपलंच नाव दोनदा सांगतो, हायपर-व्ही ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’ म्हणतो. लिनक्स सुरू होताना ही ओळख वाचतं आणि त्याप्रमाणे वागतं. व्हीएमवेअरवर असेल तर प्रोसेसरच्या काउंटरचा वेग स्वतः मोजत न बसता होस्टला विचारतं. हायपर-व्हीवर असेल तर होस्टनं ठेवलेल्या सामाईक पानावरून वेळ काढतं. ठोके मोजणं जवळपास संपलं. तरीही एक काळजी आजही घ्यावी लागते. गेस्टमध्ये क्रोनीसारखी वेळ जुळवणारी सेवा ठेवायची किंवा होस्टकडून वेळ जुळवायची. दोघांना एकाच घड्याळाचे काटे फिरवू दिले तर घोळ होतो.

मेमरीचं कोडंही असंच. होस्टला मेमरी कमी पडली तर कुणाकडून काढून घ्यायची? गेस्टला कुठली पानं निकामी आहेत हे बाहेरून दिसत नाही. व्हीएमवेअरचे कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२मध्ये मांडलेली युक्ती अशी की गेस्टच्या आत एक बलून ड्रायव्हर, म्हणजे फुगा, फुगवायचा. तो गेस्टकडे मेमरी मागत सुटतो, गेस्ट आपल्या अकलेनं सर्वांत कमी गरजेची पानं मोकळी करून त्याला देते आणि ती पानं होस्ट उचलतो. गरज सरली की फुगा ओसरतो. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही दोघांचेही असे ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आहेत.

ही सोय लिनक्सपुरती नाही. फ्रीबीएसडी हायपर-व्हीवर नीट चालावं म्हणून मायक्रोसॉफ्ट, नेटअ‍ॅप आणि सिट्रिक्स एकत्र आले आणि जानेवारी २०१४च्या फ्रीबीएसडी १०.० आवृत्तीत ते ड्रायव्हर मुळातच आले. २०१६मध्ये अझूरच्या दुकानात फ्रीबीएसडी १०.३ची तयार प्रतिमा मायक्रोसॉफ्टनंच ठेवली. ओपनबीएसडीच्या मंडळींनी तर व्हीएमवेअरशी बोलणारा छोटा ड्रायव्हर स्वतःच्या पद्धतीनं लिहून कर्नलमध्ये घातला आहे, बाहेरचे टूल्स लागतच नाहीत.

लॅपटॉपवर हे करताना एक चूक फार जण करतात. व्हर्च्युअल मशीन तयार करताना ‘गेस्ट कोणती’ असा प्रश्न येतो, तिथे घाईनं ‘अन्य लिनक्स’ निवडलं जातं. ही निवड नुसती नावापुरती नसते, तिच्यावरून कुठलं नेटवर्क कार्ड आणि कुठला डिस्क कंट्रोलर द्यायचा हे ठरतं. सीडॅकचं बॉस लिनक्स यादीत सापडणार नाही, पण ते डेबियनवर उभं आहे, तेव्हा त्या पिढीचं ६४ बिट डेबियन निवडावं. बॉस मराठीतही वापरता येतं. मेनूपासून फाइलच्या नावापर्यंत मराठी असलेला संगणक कसा दिसतो हे पाहायचं असेल, तर घरचं विंडोज न हलवता पाहण्याचा हा उत्तम मार्ग आहे.

८ जीबीच्या लॅपटॉपवर गेस्टला ३ जीबीपेक्षा जास्त देऊ नये आणि प्रोसेसरचे दोन कोअर पुरतात. जास्त दिल्यानं गेस्ट वेगवान होत नाही, होस्ट गुदमरतो आणि दोघंही रखडतात. आतलं लिनक्स बसवून झालं की ‘ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप’ हे पॅकेज घालावं, मग खिडकीच्या आकाराप्रमाणे पडदा बदलतो आणि कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चालतं. विंडोज ११मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर विंडोज स्वतःच हायपर-व्हीचा थर वापरत असतं आणि व्हीएमवेअरला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतं. गेस्ट संथ वाटण्यामागे पुष्कळदा हेच असतं. ज्यांना फक्त शेल आणि कंपायलर हवा त्यांना मी विंडोजमधलंच डब्ल्यूएसएल २ सुचवीन. त्यातही खरं लिनक्स कर्नल हायपर-व्हीच्या हलक्या मशीनमध्ये चालतं, फक्त खिडकी दिसत नाही. स्नॅपशॉटला मात्र बॅकअप समजू नये. स्नॅपशॉट घेतल्यावर नवे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात आणि मूळ फाइल खराब झाली तर त्या फाइलीला काही अर्थ उरत नाही. पावसाळ्यात वेल्ह्याकडे वीज तास तास जाते, तेव्हा बॅटरी संपण्याआधी गेस्ट ‘सस्पेंड’ करावी आणि आठवड्याला पूर्ण बंद करून तिचं सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावं.

बंदिस्त छताचा धोका तांत्रिक नसतो, व्यवहाराचा असतो. ब्रॉडकॉमनं २२ नोव्हेंबर २०२३ला व्हीएमवेअर ताब्यात घेतली. महिन्याभरात कायमचे परवाने विकणं बंद होऊन वर्गणीची पद्धत आली. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्व्हरवरचं मोफत ईएसएक्सआय बंद झालं आणि एप्रिल २०२५मध्ये पुन्हा मिळू लागलं. उलट वर्कस्टेशन प्रो मे २०२४मध्ये घरगुती वापराला आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनाच मोफत झालं. विद्यार्थ्यांचा फायदा झाला, छोट्या कंपन्यांची आणि संस्थांची अंदाजपत्रकं कोलमडली. या काळात अनेकांनी केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या खुल्या व्यासपीठांची वाट धरली. अशा वेळी गेस्ट खुली असण्याचं मोल कळतं. लिनक्सला होस्ट बदलला म्हणून नवा परवाना लागत नाही आणि व्हीएमवेअर, हायपर-व्ही, केव्हीएम तिघांचेही ड्रायव्हर एकाच कर्नलमध्ये शेजारी शेजारी असतात.

तरी हलवाहलवीत अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. मशीन सुरू होताना सर्वांत आधी जी छोटी फाइल-व्यवस्था मेमरीत चढते, तिच्यात काही वितरणं फक्त सध्याच्या होस्टला लागणारे ड्रायव्हर ठेवतात. जुन्या घरी असतानाच व्हर्टआयओचे ड्रायव्हर तिच्यात घालून ती नव्यानं बनवली नाही, तर नव्या घरी गेस्टला डिस्कच सापडत नाही. डिस्कचं नाव ‘एसडीए’चं ‘व्हीडीए’ होतं, म्हणून एफएसटॅब फाइलीत नावाऐवजी यूयूआयडी लिहावा. व्हीएमवेअरवर ‘ईएनएस१९२’ नावानं ओळखलं जाणारं नेटवर्क नव्या ठिकाणी ‘ईएनएस१८’ होऊ शकतं आणि जुन्या नावावर बांधलेला आयपी पत्ता लागतच नाही. हे सगळं आधी तपासायचं. मग व्हीएमवेअरच्या डिस्कची व्हीएमडीके फाइल ‘क्यूईएमयू-इमेज’नं क्यूकाउ२ रूपात बदलायची, किंवा हे काम बरंचसं आपोआप करणारं ‘व्हर्ट-व्ही२व्ही’ वापरायचं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांनी आपलं तयार मशीन ओव्हीए फाइलीत ठेवावं. तिच्यातलं ओव्हीएफ हे प्रमाणीकरण झालेलं रूप व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स दोघांनाही वाचता येतं, त्यामुळे ज्या विद्यार्थ्याकडे जे असेल त्यावर तेच मशीन चालतं.